डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ अजून चालत नाही: वॉकर, घरचा व्यायाम आणि फिजिओथेरपीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा २० महिन्यांचा, डाऊन सिंड्रोम आहे, हृदयाचं ऑपरेशन पहिल्या वर्षात झालंय आणि कार्डिओलॉजिस्टनी आता सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय. स्वतःचा स्वतः बसतो, रांगत नाही पण बुडावर सरकत सगळं घर फिरतो, धरून उभं केलं की पाय ताठ करून उभा राहतो. सासूबाई म्हणतात पांगूळगाडा आणा, फिजिओ म्हणते अजिबात आणू नका आणि रोज तासभर व्यायाम घ्या, आणि तो तासभर पोरगं रडतं. शेवटी तुम्ही विचारलंय, 'कोणता व्यायाम केला की तो लवकर चालेल?'

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, बरीच वर्षं झाली, आणि डाऊन सिंड्रोमची मुलं अगदी तान्ही असल्यापासून ते मिशी फुटेपर्यंत बघितलीयेत. त्यामुळे आधी एक स्पष्ट सांगते, 'लवकर' हा मुद्दा थोडा बाजूला ठेवा. तो चालणार आहे. डाऊन सिंड्रोमची जवळजवळ सगळी मुलं चालतात, सरासरी वय दोन वर्षांच्या आसपास, पण पल्ला खूप मोठा, कोणी सव्वा वर्षाला चालतं कोणी चौथ्या वर्षाला. ऑपरेशन झालेली, वारंवार ॲडमिट झालेली मुलं साहजिकच थोडी मागे असतात. म्हणजे २० महिन्यांना न चालणं हे तुमच्या मुलासाठी उशीर नाहीच. खरा प्रश्न तो कसा चालायला शिकतो हा आहे, कारण आत्ता जी सवय लागेल ती घेऊन तो पुढची पन्नास-साठ वर्षं चालणार आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया विंडर्स म्हणून फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांनी आयुष्यभर याच मुलांबरोबर काम केलंय आणि त्यांचं म्हणणं हेच, की या मुलांच्या फिजिओथेरपीचा उद्देश टप्पे लवकर गाठणं हा नाहीच, चुकीच्या सवयी लागू न देणं हा आहे. मला ते अनुभवाने शंभर टक्के पटतं.

चुकीच्या सवयी म्हणजे काय ते बघू. या मुलांचे स्नायू शिथिल असतात, सांधे बांधून ठेवणारे लिगामेंट्स जुन्या इलॅस्टिकसारखे सैल असतात, ताकद कमी असते आणि धडाच्या मानाने हातपाय आखूड असतात. शिथिलपणा आणि अशक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हं. शिथिलपणा मेंदूकडून येतो, तो वयाबरोबर थोडा कमी होतो पण कुठल्या टॉनिकने किंवा मालिशने जात नाही. ताकद मात्र वाढवता येते, आणि आमचं सगळं काम तिथे आहे. (स्टेम सेलच्या जाहिराती येतील तुमच्या फोनवर, येतच असतील. डाऊन सिंड्रोमसाठी त्याला आपल्याकडे मान्यता नाही, एक रुपया घालू नका.)

आता अशा शरीराचं बाळ हुशारीने काय करतं, तर स्नायू वापरायच्या ऐवजी सांधे लॉक करून उभं राहतं. तुमचा मुलगा 'पाय ताठ करून' उभा राहतो म्हणालात ना, तेच. आज त्याला उभा करा आणि बाजूने बघा. गुडघे मागच्या बाजूला गेलेले दिसतील, पोट पुढे, पाय फाकलेले, पावलं बाहेर वळलेली आणि तळव्याच्या आतली कड जमिनीला टेकलेली. मागून बघितलंत तर टाच बाहेरच्या बाजूला कललेली दिसेल. असं उभं राहायला ताकद फारशी लागत नाही, म्हणून त्याला ते सोपं वाटतं. पण असाच चालायला लागला तर बदकासारखी चाल राहते आणि पंधराव्या-विसाव्या वर्षी गुडघ्याची वाटी सरकणं, पावलं दुखणं, कंबर दुखणं हे सुरू होतं, आणि दुखायला लागलं की मुलगा चालायचंच टाळतो, मग वजन वाढतं, मग अजून दुखतं.

बसण्याचंही तसंच. पालथं असताना दोन्ही पाय एकदम बाजूला फाकवून, सर्कशीतल्यासारखे, सरळ उठून बसतात ही मुलं. लोक कौतुक करतात किती लवचिक म्हणून, फोटो काढतात! मी लगेच पाय जवळ आणते. कुशीवर वळून, एका हातावर जोर देऊन उठायला शिकवायचं, कारण त्यात पोटाचे बाजूचे स्नायू आणि खांदे काम करतात. पाय मागे इंग्रजी डब्ल्यूसारखे टाकून बसत असेल तर तेही हळूच बदला, मांडी घालून किंवा पाटावर बसवा.

वॉकरचं बोलते. सासूबाईंच्या डोळ्यासमोर बहुतेक लाकडी तीन चाकी पांगूळगाडा असेल, ज्याच्या दांड्याला धरून बाळ मागे उभं राहतं आणि ढकलत चालतं. दुकानात हल्ली मिळतो तो गोल प्लास्टिकचा, मधे कापडी सीट असलेला वॉकर, ज्यात बाळ टांगलेलं असतं. हे दोन्ही एक नाहीत. सीटवाला वॉकर नकोच, तुमच्या फिजिओचं अगदी बरोबर आहे. त्यात मूल चवड्यावर टेकून ढकलतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, पाय फाकलेले राहतात, म्हणजे जे टाळायचंय तेच दिवसभर घोकून घेतलं जातं. शिवाय उंबऱ्यावरून, जिन्यावरून पडायची भीती. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. लाकडी पांगूळगाड्याला मात्र माझा विरोध नाही, फक्त आत्ता नाही. आधी तो दिवाणाला धरून आडवं चार पावलं सरकायला लागू दे, मग आणा, आणि आणल्यावर त्यात पाचेक किलोची तांदळाची पिशवी ठेवा नाहीतर गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर. सासूबाईंना असं सांगून बघा, त्यांचं ऐकल्यासारखंही होईल.

आता घरी काय करायचं. तासभर सलग व्यायाम या वयात होत नाही, रडत तर मुळीच नाही. तुमच्या फिजिओने तासभर सांगितला असेल तर तो दिवसभरातला मिळून असावा, एकदा विचारून घ्या. माझा हिशोब पाच-सात मिनिटांचे तुकडे, जे घरात एरवी होतंच त्यात बसवलेले. कपडे बदलताना, आंघोळीआधी, जेवायच्या आधी, बाबा घरी आल्यावर.

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे पाट. पाटावर बसल्यावर त्याचे तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात. एक पाट ठेंगणा पडत असेल तर दोन ठेवा, हलणार नाहीत असे. समोर एक स्टूल किंवा उलटा ठेवलेला मोठा डबा, त्यावर त्याचं आवडतं काहीतरी. तुम्ही त्याच्या मागे किंवा बाजूला जमिनीवर बसा, गुडघ्यांच्या बाहेरून हात ठेवून गुडघे खांद्याच्या रुंदीत जवळ ठेवा, पावलं समोर. वस्तू थोडी पुढे धरा म्हणजे तो पुढे वाकेल, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की बूड आपोआप सुटतं. मग उठेल. बगलेत धरून उचलू नका, जोर मांड्यांनी लावू दे. उभा राहिल्यावर गुडघे मागे लॉक करायला लागला की मागून हलकासा स्पर्श करून गुडघा किंचित वाकवायचा. आणि खरी मेहनत खाली बसताना आहे, धपकन बसू द्यायचं नाही, हळूहळू. सुरुवातीला चार-पाच वेळाच होईल, पुरे.

दुसरं, दिवाणाच्या कडेला उभा करा आणि खेळणं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, हाताच्या जरासं पलीकडे. आडवं सरकताना नितंबाचे बाजूचे स्नायू काम करतात आणि या मुलांचे नेमके तेच कमजोर असतात. दिवाण उंच वाटला तर गादीवर गादी ठेवून छातीच्या उंचीचं काहीतरी करा, पोटाने रेलून उभा राहत असेल तर उंची चुकतेय. तिसरं, एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे अशा अवस्थेतून उभं राहणं, दोन्ही पायांनी आलटून पालटून, कारण ही मुलं कायम एकाच पायाने उठतात. चौथं, उभ्याने खाली वाकून चमचा उचलून डब्यात टाकणं, स्टीलच्या डब्यात, आवाज आला पाहिजे.

बुडावर सरकणं मी बळजबरीने बंद करत नाही, त्याला घरभर फिरायला मिळतंय ही मोठी गोष्ट आहे. पण दिवसातून दोनतीनदा चार पायांवर यायला लावा, तुमची मांडी आडवी ठेवून त्यावरून पलीकडे जायला लावा, किंवा गादीचा उतार करून चढायला लावा. हातावर वजन घेतलं की खांदे, मनगट, बोटं सगळं तयार होतं, पुढे पेन्सिल धरायला तेच लागतं.

रडण्याबद्दल. ज्या बाळाने पहिल्या वर्षात सुया, सलाईन, आयसीयू बघितलंय त्याला मोठ्या माणसाचे हात जवळ आले की भीती वाटतेच. आधी खात्री करा की कान दुखत नाहीये, पोट साफ आहे, झोप झालीये, भूक नाहीये. मग वेग कमी करा. या मुलांना ऐकून कळण्यापेक्षा बघून जास्त कळतं, म्हणून सूचना कमी आणि करून दाखवणं जास्त, मोठ्या बहिणीला पाटावरून उठायला लावा तो बघून उठेल. आणि थांबा. तुम्ही खेळणं दाखवल्यावर मनात दहा आकडे मोजा, त्याला प्लॅन करायला तेवढा वेळ लागतो, आपण तिसऱ्या सेकंदाला उचलून मोकळे होतो आणि वर म्हणतो हा प्रयत्नच करत नाही. उलट बाजूही सांगते, ही मुलं महा बिलंदर! अवघड वाटलं की टाळ्या वाजवतील, फ्लाइंग किस देतील, तुमच्या चष्म्याला हात घालतील, सगळा क्लिनिक हसायला लागतो आणि व्यायाम राहून जातो. हसा, पण मग परत पाटावर.

मालिशबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मला बोललंच पाहिजे. तेल लावून हलक्या हाताने चोळणं, गप्पा मारणं, छानच. पण मालिशवाली बाई हात क्रॉस करून ओढते, पाय डोक्याला लावते, पाय धरून उलटं लटकवते, मान हातात धरून उचलते, हे यातलं काहीही या बाळाला करायचं नाही. सैल सांध्यांना अजून सैल करून आपल्याला काय मिळणार? नितंबाचा सांधा निखळू शकतो, आणि मानेचा धोका तर आहेच.

मान म्हणजे मानेचे पहिले दोन मणके. त्यांच्यातले लिगामेंट्स सैल असल्यामुळे डाऊन सिंड्रोमच्या काही जणांमध्ये ते एकमेकांवर जास्त सरकतात. एक्स-रेवर असं साधारण १० ते २० टक्क्यांमध्ये दिसतं पण प्रत्यक्ष मज्जारज्जूवर दाब येऊन त्रास होणारे एखाद-दोन टक्केच. तीन वर्षांच्या आत मणक्यांची हाडं पुरती तयार नसतात म्हणून एक्स-रेचा उपयोग नाही, आणि काहीच लक्षण नसेल तर नंतरही सरसकट काढायची गरज नाही असंच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. म्हणजे नजर हाच उपाय. मान एका बाजूला वाकडी धरणं, मान दुखणं, आधी जमत असलेलं चालणं-उठणं बिघडणं, हातातली पकड सुटणं, पाय कडक होणं, शू-शीवरचा ताबा गेलेला असणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर व्यायाम बंद, मान न हलवता त्याच दिवशी डॉक्टर. कोलांट्या उड्या, शीर्षासन, आणि सहा वर्षांच्या आत ट्रॅम्पोलीन, नाही म्हणजे नाही. हल्ली मॉलमध्ये, वाढदिवसाच्या पार्ट्यांत ती उड्या मारायची जाळी असते, तिथे जरा वाईटपणा घ्या. आणि टॉन्सिल किंवा कानाच्या कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना मानेचं आवर्जून सांगा.

बूट घेऊ का, हे पालक नेहमी विचारतात. घरात अनवाणी, फरशीवर मोजे घालून तर अजिबात नाही, घसरतो. बाहेर मऊ, वाकणाऱ्या तळव्याचे बूट, मागे टाचेला घट्ट धरणारे. ते जुने जड, घोट्याच्या वर येणारे चामडी बूट नकोत. धरून उभा राहून सरकायला लागल्यावरही घोटा खूप आत कलंडत असेल तर घोट्याच्या जरा वर येणारे पातळ प्लास्टिकचे स्प्लिंट, ज्याला आम्ही एसएमओ म्हणतो, त्याने काही मुलांना खूप फरक पडतो. काहींना साधा इनसोल पुरतो, काहींना काहीच लागत नाही. हे फोटोवरून सांगता येत नाही, त्याला उभं करून हाताने बघावं लागतं, त्यामुळे इथे विचारून ऑनलाईन मागवू नका.

ट्रेडमिलबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेलच. त्यात तथ्य आहे. मिशिगन विद्यापीठात डेल उल्रिक यांच्या टीमचा २००१ चा अभ्यास आहे, घरी छोट्या ट्रेडमिलवर बाळाला धरून रोज ८ मिनिटं, आठवड्यात ५ दिवस, आणि ती मुलं बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालली. दोन्ही गटांना नेहमीची फिजिओथेरपी चालूच होती. पण पट्ट्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर, आपल्या घरातल्या मोठ्यांच्या मशीनवर इतका कमी वेग बहुधा मिळत नाही, आणि धरणाऱ्याला आधी शिकवावं लागतं. सेंटरवर सोय असेल तर जरूर करा. नसेल तर साडेतीन महिन्यांसाठी कर्ज काढून मशीन घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

खेळता येईल का, हे तुम्ही अगदी शेवटी, जरा भीत भीत विचारलंय. येईल. पोहणं बऱ्याच जणांना फार आवडतं (कानात ट्यूब घातली असेल तर ईएनटीला विचारून). सायकलही येते, याच उल्रिक यांच्या टीमने ८ ते १५ वर्षांच्या मुलांना पाच दिवस, रोज सव्वा तास शिकवलं आणि निम्म्याहून जास्त मुलं दुचाकी सायकल चालवायला लागली. आपल्याकडे लेझीम, ढोलावर नाचणं याच्यासारखा व्यायाम नाही, ताल यांच्या अंगातच असतो. स्पेशल ऑलिम्पिक्स भारतमध्ये ८ वर्षांपासून खेळाडू म्हणून नाव घालता येतं आणि २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी त्यांचा यंग ॲथलीट्स म्हणून वेगळा कार्यक्रम आहे, तुमच्या जिल्ह्यात चालू आहे का ते विशेष शाळेत विचारा.

आणि वजन उचलायला घाबरू नका, म्हणजे तो मोठा झाल्यावर. ऑस्ट्रेलियात नोरा शील्ड्स यांच्या टीमने किशोरवयीन मुलांना जिममध्ये आठवड्यातून दोनदा, १० आठवडे, प्रत्येकाबरोबर फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी देऊन ट्रेनिंग दिलं, पायांची ताकद चांगली वाढली. मला यात मशीनपेक्षा तो बरोबरचा विद्यार्थी महत्त्वाचा वाटतो. एकटा मुलगा जिमला जाणार नाही, मित्र असेल तर जाईल. एक मात्र तेव्हा जिमवाल्याला सांगायचं, २२० वजा वय हा हृदयाच्या जास्तीत जास्त ठोक्यांचा हिशोब यांना लागू नाही. यांचे ठोके व्यायामात मुळातच कमी वाढतात, २० वर्षांच्या मुलाला तो हिशोब २०० सांगतो पण डाऊन सिंड्रोमसाठीच्या सूत्राने ते १६८ च्या आसपास येतात. तेव्हा आकड्यामागे न लागता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये एवढी धाप लागली की ठीक, असं धरायचं.

खर्चाचं लिहिलंयत म्हणून सांगते. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, लोक डीईआयसी म्हणतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि तिथली थेरपी मोफत असते. मुंबईच्या जवळ असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजनाही बघा, एक लाखापर्यंतचं कव्हर असतं आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात, त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागेल. खाजगी थेरपी रोज परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, पंधरा दिवसांतून एकदा नीट शिकवून घेतलेलं आणि घरी रोज केलेलं पुरतं. प्रत्येक वेळी त्याचा पाटावरून उठतानाचा बाजूने काढलेला छोटा व्हिडिओ फिजिओला दाखवा, क्लिनिकमध्ये तो करेलच असं नाही.

आणि हो, फाईल काढून थायरॉइडची शेवटची टेस्ट कधी झाली ते बघा. या मुलांना जन्माच्या वेळी, सहा महिन्यांना, वर्षाला आणि मग दरवर्षी ती करायची असते आणि ऑपरेशनच्या गडबडीत हमखास राहून जाते. थायरॉइड कमी असेल तर बाळ सुस्त राहतं, शी कडक होते, व्यायामात लगेच दमतं आणि रडतं. तुम्ही वर्णन केलंय त्यातलं थोडं मला तसं वाटलं, म्हणून पाट आणायच्या आधी ते रक्त तपासून घ्या.